इंधनघटालाही वाफसा लागतो

लखनौच्या थंडीबद्दल आपण ऐकलेले असते, पण ती अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. जानेवारीत मावशीकडे गेले होते. मावशी वृंदावन योजनेत राहते. रायबरेली रोडवरची ही उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेची मोठी वसाहत. संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय तिथून जवळच. मावशीचे यजमान नोकरीनिमित्त या शहरात आले आणि इथलेच झाले. आता घरात मराठी, दारात हिंदी आणि स्वयंपाकघरात दोन्ही, असा कारभार आहे.

संध्याकाळी मावशीने निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणली आणि आणल्याबरोबर खिडकी चार बोटे उघडली. मला नवल वाटले.

"अगं मावशी, उबेसाठी शेगडी आणलीस आणि खिडकी उघडून ऊब घालवतेस?"

"ऊब गेली तर परत येते, माणूस येत नाही," मावशी म्हणाली. "कोंडलेल्या खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, असं दर थंडीत पेपरात येतं. झोपायच्या आधी मी शेगडी बाहेरच काढते. आणि आहे तोवर हवा खेळती पाहिजे."

तिचा नातू कोपऱ्यात वही उघडून बसला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'हवा खेळती पाहिजे' हे ऐकून त्याने मान वर केली.

"आत्या, तू विज्ञानावर लिहितेस ना? मग माझं एक कोडं सोडव. आमच्या प्रकल्पात पाच घटांचा एक लहानसा फ्युएल सेल आहे. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा. सुरू केला की दिवा झकास लागतो. काही मिनिटांनी मंद होत जातो. सिलिंडर भरलेला आहे, दाबाचा काटा जागेवर आहे, गळती नाही. वायू आहे, पण वीज कमी पडते. असं का?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मटार सोलता सोलता मावशीच म्हणाली, "वायू आहे रे, पण तो पुढं सरकतोय का?"

मावशी श्रीरामपूरकडची. भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून त्या भागात येते. धरण भरलेले आहे म्हणून आपल्या वाफ्यात पाणी आले असे होत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत. विज्ञानाचे एकही पुस्तक न उघडता तिने नेमक्या जागी बोट ठेवले होते. आजचा हा लेख तिच्या त्या एका प्रश्नावर आहे.

जाळ नाही, तरी वीज

फ्युएल सेलला मराठीत इंधनघट म्हणतात. नाव नवे वाटले तरी वस्तू जुनी आहे. वेल्समधले वकील आणि शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये तिचे मूळ शोधले. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू सुटे होतात, हे तोपर्यंत ठाऊक झाले होते. ग्रोव्ह यांनी उलटा विचार केला. हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल का? मिळाली.

आज सर्वांत प्रचारात असलेल्या इंधनघटाची रचना समजायला अवघड नाही. मधोमध एक खास प्लॅस्टिकचा पडदा असतो, वहीच्या कागदाइतका किंवा त्याहूनही पातळ. त्याच्या दोन्ही अंगांना कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण असतात. एका अंगाने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमला स्पर्श झाला की हायड्रोजनचा अणू फुटतो आणि त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. इलेक्ट्रॉनला मग बाहेरच्या तारेने वळसा घालून पलीकडे जावे लागते. हा वळसा म्हणजेच वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन वाट पाहत असतो. तिघे भेटले की पाणी तयार होते. ना ज्योत, ना धूर, ना आवाज.

अशा एका घटातून हिशेबाने १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात भार टाकला की सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतात. म्हणून अनेक घट एकावर एक रचून त्यांची चळत करतात. आपण पोळ्यांची करतो तशीच. मोटारीच्या चळतीत असे शेकडो घट असतात. नातवाच्या चळतीत पाच होते.

पाटाचे पाणी आणि टेलचा शेतकरी

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. सिलिंडरमधला वायू पडद्याच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचतो कसा?

प्रत्येक घटाच्या दोन्ही बाजूंना एकेक पत्रा किंवा कार्बनची पाटी असते आणि तिच्यावर बारीक चर कोरलेले असतात. चराची रुंदी साधारण एक मिलिमीटर. शेतातले पाट आणि दंड असतात तसे हे वायूचे पाट. वायू एका टोकाने शिरतो, चरांतून वाहत जातो आणि जाता जाता खालच्या कार्बनच्या सच्छिद्र थरातून प्लॅटिनमपर्यंत झिरपतो. उरलेला वायू दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो.

एक अँपिअर वीज काढायची तर प्रत्येक घटाला मिनिटाला सुमारे सात मिलिलिटर हायड्रोजन लागतो. हवा लागते सुमारे सतरा मिलिलिटर, कारण हवेत ऑक्सिजन जेमतेम एकपंचमांशच असतो. हा झाला कागदावरचा हिशेब. पण मोजून तेवढाच वायू सोडला तर घट उपाशी राहतो. कारण चराच्या सुरुवातीची जागा आपला वाटा आधी उचलते आणि शेवटापर्यंत काही उरत नाही.

कालव्याच्या भागातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पाण्याचे आवर्तन सुटते, वरच्या अंगाच्या शेतांत उसाला पाटभर पाणी मिळते आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओला चिखल येतो. कागदोपत्री पाणी सगळ्यांना पोहोचलेले असते.

म्हणून हवा गरजेच्या साधारण दुप्पट सोडतात. तरीही घटात शिरताना २१ टक्के ऑक्सिजन असलेली हवा बाहेर पडताना सुमारे १२ टक्क्यांवर आलेली असते. म्हणजे एकाच घटातले सुरुवातीचे टोक खाऊनपिऊन सुखी आणि शेवटचे टोक अर्धपोटी. हा फरक कमी करण्यासाठी चरांची आखणी हे एक शास्त्रच झाले आहे.

साधी आखणी म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखे समांतर चर. यात वायू सहज वाहतो, फार जोर लावावा लागत नाही. पण एका चरात पाण्याचा थेंब अडकला की वायू शेजारच्या मोकळ्या चरांतून निघून जातो आणि अडलेला चर अडलेलाच राहतो. दुसरी आखणी नागमोडी. एकच लांब चर वळणे घेत सगळीकडून फिरतो. वायूला दुसरी वाट नसल्यामुळे तो थेंबाला ढकलून पुढे नेतो. पण वाट लांब, म्हणून दाब जास्त लागतो, आणि टेलची अडचण इथेच सर्वांत मोठी. तिसऱ्या आखणीत चर मुद्दाम टोकाला बंद ठेवतात. दोन हातांची बोटे एकमेकांत घालावीत, पण स्पर्श होऊ देऊ नये, अशी ती रचना. येणाऱ्या वायूला सच्छिद्र थरातून घुसूनच शेजारच्या चरात जावे लागते आणि जाताना तो आतले पाणी बाहेर काढतो. जोर मात्र आणखी लागतो. सर्व गुण एकाच आखणीत नाहीत. निवड कामाप्रमाणे करावी लागते.

कमीही नको, जास्तही नको

इथे कोणी विचारेल, टेलपर्यंत पोहोचत नाही ना, मग वायूचा जोर वाढवा की! पण नुसता जोर वाढवूनही भागत नाही, कारण या घटात वायूइतकेच पाणीही महत्त्वाचे.

मधला पडदा ओला असेल तरच प्रोटॉनला वाट देतो. कोरडा पडला की त्याचा अडथळा वाढतो, तो आकसतो आणि कालांतराने त्याला चिरा पडतात. घट साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसवर चालतो. एवढ्या उबेत जोराचा कोरडा वारा सोडला तर पडदा दोरीवरच्या कपड्यासारखा सुकतो. उलट वारा मंद ठेवला तर तयार होणारे पाणी बाहेर पडत नाही. ते सच्छिद्र थरात साचते, चरात थेंब धरतात आणि ऑक्सिजनला प्लॅटिनमपर्यंत जायला वाट राहत नाही. पूर आलेल्या शेतात पिकाची मुळे गुदमरतात तसा घट गुदमरतो.

आपल्या शेतकऱ्याकडे या मधल्या स्थितीसाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असते, पण चिखल नसतो. मातीच्या कणांत ओलही असते आणि हवाही असते. त्या वेळी पेरणी करायची. वाफसा येण्याआधी नांगर घातला तर ढेकळे निघतात, वाफसा गेल्यावर पेरले तर बी उगवत नाही. इंधनघटातही सगळी धडपड असते ती हा वाफसा टिकवण्याची. फरक एवढाच, की शेतकरी वाफशाची वाट पाहतो आणि इंधनघटाला तो प्रत्येक क्षणी राखावा लागतो. गाडी चढावर आली, वीज जास्त लागू लागली की पाणी जास्त तयार होते आणि वारा वाढवावा लागतो. सिग्नलला थांबली की लगेच कमी करावा लागतो.

वारा फुकटही मिळत नाही. मोटारीच्या घटात हवा दाबाने कोंबायला कॉम्प्रेसर लागतो आणि तो चालतो त्याच घटाच्या विजेवर. घटाने दिलेल्या विजेचा दहावा हिस्सा, कधी त्याहून अधिक, एकटा कॉम्प्रेसरच खाऊन टाकतो. पगार वाढवण्यासाठी लांबची नोकरी धरावी आणि वाढलेला पगार प्रवासातच जावा, तशातली गत. म्हणून वारा नेमका किती, हा प्रश्न थेट मायलेजचा प्रश्न होतो.

हायड्रोजनच्या बाजूची गोष्ट थोडी निराळी. हा महागाचा वायू उरलेला बाहेर सोडून देणे परवडत नाही. मग एक तर उरलेला वायू पंपाने फिरवून पुन्हा आत आणतात, नाही तर बाहेरची तोटी बंदच ठेवतात आणि लागेल तेवढाच वायू आत येऊ देतात. नातवाच्या घटात ही दुसरी पद्धत होती. त्याच्या कोड्याचे उत्तरही इथेच होते. पलीकडच्या हवेतला नायट्रोजन पडद्यातून थोडा थोडा इकडे झिरपतो, पाण्याची वाफही येते. दोघे चराच्या बंद टोकाला जाऊन बसतात. त्यांना बाहेर जायला वाट नसते आणि ते असेपर्यंत हायड्रोजनला तिथे जागा नसते. दाबाचा काटा एकूण दाब दाखवतो. त्यात हायड्रोजन किती आणि बिनकामाचा नायट्रोजन किती, हे तो सांगत नाही. म्हणून सिलिंडर भरलेला, काटा जागेवर आणि दिवा मंद! यावर उपाय म्हणजे ठरावीक वेळाने तोटी क्षणभर उघडून साचलेले सगळे बाहेर सोडून देणे.

हे वेळेवर केले नाही तर नुकसान नुसत्या मंद दिव्यावर थांबत नाही. चळतीतल्या सर्व घटांतून वीज एकाच मापाने वाहते. चार घटांना वायू मिळतो आहे आणि पाचवा उपाशी आहे, तरी बाकीचे चार त्या पाचव्यातून तेवढीच वीज ढकलतात. त्याच्याकडे द्यायला हायड्रोजन नसतो. मग तो स्वतःच्या अंगचा कार्बन झिजवून देतो, ज्या कार्बनवर प्लॅटिनम बसवलेले असते तोच. ही झीज कायमची. नंतर कितीही वायू दिला तरी भरून येत नाही.

प्रवाह थांबतो तेव्हा

वायूचा प्रवाह किती मोलाचा, याचा अनुभव माणसाने अंतराळात घेतला आहे. २१ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेचे 'जेमिनी ५' हे यान गॉर्डन कूपर आणि पीट कॉनराड यांना घेऊन निघाले. इंधनघटावर चालणारे हे पहिलेच यान. उड्डाणानंतर काही तासांतच ऑक्सिजनच्या टाकीतला तापक बिघडला. टाकीत ऑक्सिजन भरपूर होता. पण तो अतिथंड स्थितीत साठवलेला, आणि त्याला ढकलणारा दाब घसरू लागला. यानातली बहुतेक यंत्रे बंद करावी लागली. मोहीम अर्ध्यावर सोडून परत यावे लागते की काय, अशी वेळ आली. इकडे जमिनीवर तशाच घटांची कमी दाबावर परीक्षा घेतली गेली, तेव्हा ते तग धरतात असे दिसले. मग हळूहळू यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि दोघे आठ दिवस अंतराळात राहून सुखरूप परतले.

'अपोलो १३' ची कथा अनेकांनी पडद्यावर पाहिली असेल. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राच्या वाटेवर असताना त्या यानाची ऑक्सिजनची एक टाकी फुटली आणि दुसरीही गळू लागली. हायड्रोजनच्या टाक्या शाबूत होत्या. पण जोडीदार वायूच नाही म्हटल्यावर तिन्ही इंधनघट एकामागून एक थंडावले. वीज गेली, आणि पिण्याचे पाणी याच घटांतून मिळत असल्याने तेही तुटले. तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानाच्या आश्रयाने, थंडीत कुडकुडत १७ एप्रिलला पृथ्वीवर परतले.

आपल्या इस्रोनेही या वाटेवर पाऊल टाकले आहे. १ जानेवारी २०२४ च्या 'पीएसएलव्ही-सी ५८' उड्डाणात एक लहान इंधनघट वर पाठवला गेला. दाबाखाली साठवलेल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून त्याने कक्षेत १८० वॅट वीज दिली. आकडा घरातल्या दोन-तीन पंख्यांचा, पण पाण्याचा थेंब खाली पडत नाही अशा जागी वाफसा सांभाळणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

अंबरनाथची गोष्ट

मावशीच्या घरापासून थोड्या अंतरावर, याच वृंदावन योजनेतल्या मैदानांवर, फेब्रुवारी २०२० मध्ये 'डिफएक्स्पो' हे संरक्षण साहित्याचे मोठे प्रदर्शन भरले होते. नातू तेव्हा शाळेत होता. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावात नौदलाच्या गोष्टी ऐकून त्याला पाणबुडीचे वेड लागले, आणि इंधनघटाचा नादही त्यातूनच लागला. पाणबुडीसाठीच्या इंधनघटाचे आपल्या देशातले घर कुठे आहे, असे त्याने विचारले, तेव्हा मला मोठ्या अभिमानाने सांगता आले, "आपल्या महाराष्ट्रात. कल्याणच्या पुढे, अंबरनाथला!"

मुंबईच्या लोकलने अंबरनाथला उतरणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसेल. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे डीआरडीओची, नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा तिथे आहे. डिझेलवरच्या पाणबुडीची एक अडचण असते. बॅटऱ्या भरायला डिझेल इंजिन चालवावे लागते आणि इंजिनाला हवा लागते. म्हणून तिला वेळोवेळी पृष्ठभागाजवळ येऊन नाक बाहेर काढावे लागते, आणि तेव्हाच ती शत्रूच्या नजरेस पडते. हवेवाचून वीज देणारा इंधनघट पोटात असेल तर ती कितीतरी अधिक काळ खाली राहू शकते. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी असा घट विकसित केला. त्याच्या जमिनीवरच्या प्रतिकृतीची महत्त्वाची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्याचा भाग बांधण्यासाठी मुंबईच्या माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला.

हा घट नातवाच्या घटाहून वेगळ्या जातीचा आहे. यात प्लॅस्टिकच्या पडद्याऐवजी फॉस्फोरिक आम्ल असते आणि तो बराच जास्त तापमानाला चालतो. त्याचा हायड्रोजन पाणबुडीतच तयार केला जातो. इथे मावशीच्या शेगडीचा पुन्हा संबंध येतो. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. रंग नाही, वास नाही. तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. हाच वायू प्लॅटिनमलाही तसाच चिकटतो आणि हायड्रोजनची जागा अडवतो. पडद्याच्या साध्या घटाला दहा लाख भागांत दहा भाग कार्बन मोनॉक्साइडही जाचतो. फॉस्फोरिक आम्लाचा घट गरम असल्यामुळे शंभरात एक भागापर्यंत सोसतो.

पाणबुडीत वायूच्या प्रवाहाचा प्रश्न जिवाचा होतो. हवेत चार टक्क्यांहून अधिक हायड्रोजन मिसळला तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. चारही बाजूंनी समुद्र आणि आत माणसे. तिथे उरलेला वायू खिडकी उघडून सोडता येत नाही. मोजून द्यायचा, मोजून वापरायचा.

पुण्याची बस, लेहची हवा

सामान्य माणसाच्या वाट्याला इंधनघट येईल तो बहुधा बसच्या रूपाने. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि कराईकुडीची विद्युत-रासायनिक संशोधन संस्था यांच्या साह्याने २०२० मध्ये इंधनघटाच्या मोटारीची चाचणी घेतली. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात अशा देशी बसचे अनावरण झाले. नातवाला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्याच्याच राज्यातल्या वाराणसीसाठी कोचीन शिपयार्डने इंधनघटावर चालणारी प्रवासी बोट बांधली. केपीआयटी त्यातही सहभागी होती. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले.

अशा वाहनांना हवा किती लागते? एक किलो हायड्रोजनला कागदावर सुमारे ३४ किलो हवा लागते. प्रत्यक्षात दुप्पट सोडायची म्हटल्यावर दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या जवळजवळ पावणेदोन खोल्या भरतील एवढी. ही हवा गाळूनच घ्यावी लागते, कारण रस्त्यावरचा धूर आणि गंधकाचे वायू प्लॅटिनमला बाधतात. लखनौ-दिल्लीच्या हिवाळी धुक्यात या बसचा गाळप कागद किती लवकर काळा होईल, याची कल्पना करून पाहा.

लेहचा प्रश्न याहून निराळा. एनटीपीसीची हायड्रोजन बस २०२३ मध्ये तिथे चाचणीसाठी पोहोचली. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश. आपल्याला तिथे चार पायऱ्या चढून धाप लागते, तशीच घटालाही लागते. कॉम्प्रेसरला जास्त कष्ट करावे लागतात, आणि रात्री चरांत थोडे जरी पाणी राहिले तर गोठून बसते. म्हणून गाडी बंद करताना आतले पाणी वाऱ्याने झाडून काढावे लागते.

हिशेब घरचा

एवढ्या बारीकसारीक गोष्टींशी आपला काय संबंध, असे काही वाचक म्हणतील. संबंध पैशाचा आहे. हायड्रोजन विहिरीतून उपसता येत नाही, तो तयार करावा लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. तो इंधनघटात घातला की हाती येतात सुमारे सोळा-सतरा युनिट. म्हणजे तीन रुपये घालून एक रुपया परत. ('पाण्यावर चालणारी गाडी' म्हणून कोणी काही विकायला आला, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.) जिथे बॅटरी फार जड पडते, चार्जिंगला फार वेळ जातो किंवा हवाच मिळत नाही, तिथे हा सौदा परवडू शकतो. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांची हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. तो पैसा आपलाच आहे. तीन रुपयांचा जो एक रुपया हाती येतो, त्यातलाही काही भाग चराच्या टोकाशी साचलेल्या पाण्यात आणि वाया जाणाऱ्या वाऱ्यात जाणार असेल, तर त्याची चौकशी आपण केलीच पाहिजे.

परत आल्यावर महिन्याभराने नातवाचा फोन आला. प्रयोगशाळेत, खिडक्या उघड्या ठेवून, त्याने हायड्रोजनची बाहेरची तोटी दर काही मिनिटांनी क्षणभर उघडायला सुरुवात केली होती. दिवा आता स्थिर होता. तरी आवाजात पुरता आनंद नव्हता.

"आत्या, पाचही घट वेगवेगळे मोजले. चार ठीक आहेत. शेवटचा मात्र उठत नाही. इतके दिवस आम्ही एकूण व्होल्टेजच बघत होतो गं. बेरीज बरी दिसायची, म्हणून त्या एकट्याकडे लक्षच गेलं नाही. आता पडदा नवा घ्यावा लागेल, आणि तो फार महाग आहे."

"आजीला सांगितलंस का?"

"सांगितलं. ती म्हणाली, टेलच्या वाफ्यात आधी जाऊन बघायचं असतं, धरणाकडं बघत बसायचं नसतं. आणि म्हणाली, ते सिलिंडर घरी आणायचं नाही."

या हिवाळ्यात आपल्याही घरी शेगडी पेटेल, गीझर चालेल. झोपताना शेगडी बाहेर ठेवा. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर हवेचे तावदान बंद करू नका. वायूला आत यायला वाट हवी, तशीच बाहेर जायलाही.